दहा गोळ्यांची मर्यादा

बंदूक कोणीं बाळगावी व कोणीं बाळगूं नये, हा प्रश्न बंदुकीइतकाच जुना आहे. परंतु बाळगलेल्या बंदुकींत एका वेळीं किती गोळ्या असाव्यात, हें कायद्यानें ठरवावें काय, हा प्रश्न त्या मानानें अर्वाचीन असून त्यावरचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कडवा वाद अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत झाला. त्या देशांतील डझनाहून अधिक घटक संस्थानांनीं अशी मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्नियांत ती दहा गोळ्यांची आहे, कोलोरॅडोंत पंधरांची, तर डेलावेअर संस्थानांत सतरांची. सतरा गोळ्यांचें पिस्तूल बाळगणारा डेलावेअरमधील गृहस्थ आपल्या घरीं निरपराध असतो. तोच डेलावेअर नदी ओलांडून पलीकडच्या न्यू जर्सींत पाऊल टाकतांच गुन्हेगार ठरतो. पिस्तूल तेंच, माणूस तोच, राष्ट्राची राज्यघटनाहि तीच. बदलला तो केवळ आंकडा. हा आंकडा आला कोठून, त्याला विरोध करणाऱ्यांचें म्हणणें काय, आणि गेल्या शंभर वर्षांचा इतिहास त्या म्हणण्याला कितपत पाठिंबा देतो, हें पाहणें उद्बोधक आहे.

ज्या श्रोत्यांनीं बंदूक कधीं हातीं धरली नसेल, त्यांच्यासाठीं प्रथम वस्तूची ओळख करून दिली पाहिजे. काडतुसें एकावर एक रचून ठेवण्याची जी लहानशी पेटी पिस्तुलाच्या मुठींत किंवा रायफलीच्या पोटाखालीं बसवितात, तिला मॅगझिन असें म्हणतात. तिच्या तळाशीं स्प्रिंग असते; वरचें काडतूस नळींत गेलें कीं खालचें आपोआप वर सरकतें. अर्धस्वयंचलित हत्यारांत चाप एकदां ओढला असतां एकच गोळी सुटते; दुसरीसाठीं चाप पुन्हां ओढावा लागतो. मशीनगनची गोष्ट निराळी. तिचा चाप दाबून धरला म्हणजे गोळ्यांचा वर्षाव सुरू होतो, आणि तो चाप सोडीपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत थांबत नाहीं. पेटी रिकामी झाली म्हणजे ती काढून भरलेली दुसरी बसवावयाची. सराव असलेल्या माणसाला हें काम दोनतीन सेकंदांत साधतें. ज्याला सराव नाहीं, किंवा ज्याचे हात भीतीनें कांपत आहेत, त्याला पुष्कळ अधिक वेळ लागतो. सारा वाद शेवटीं ह्या थोड्याशा सेकंदांचा आहे, हें ध्यानांत ठेवावें.

मर्यादेच्या विरोधकांचा पहिला मुद्दा इतिहासाचा आहे. पुन्हां न भरतां अनेक गोळ्या झाडण्याची युक्ति ही आजकालची करामत नव्हे, असें ते दाखवून देतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यांत गिरान्दोनी नांवाची, हवेच्या दाबावर चालणारी रायफल होती. तिच्या नळीला लागून असलेल्या नलिकेंत सुमारें २० गोळ्या राहत. १८०४ ते १८०६ ह्या काळांत पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेल्या लुईस व क्लार्क यांच्या सुप्रसिद्ध सफरींतहि अशी एक हवाई रायफल होती, आणि वाटेंतील जमातींना ती मुद्दाम झाडून दाखविण्यांत येई. १८६० मध्यें हेन्री रायफलीचें पेटंट निघालें. तिच्या नळीखालीं १५ काडतुसें मावत व सोळावें नळींत राही. तिच्याच वंशांतील विंचेस्टर रायफली पुढें पश्चिमेकडील वसाहतवाल्यांच्या हातीं मोठ्या संख्येनें गेल्या. १९३५ मध्यें बेल्जममधील हेरस्टाल येथील कारखान्यानें ब्राउनिंग नांवाचें १३ गोळ्यांचें पिस्तूल बाजारांत आणलें. न्यायानें बोलावयाचें तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं गिरान्दोनी ही दुर्मिळ व नाजूक वस्तु होती, आणि सामान्य अमेरिकन माणसाच्या कमरेला दीर्घ काळ सहा गोळ्यांचें रिव्हॉल्वरच असे. तथापि दहांहून अधिक गोळ्यांचें हत्यार पहिल्या मर्यादेपूर्वीं कित्येक दशकें लोकांच्या घरांत होतें, एवढें निर्विवाद आहे.

ही पहिली मर्यादा आली ती दारूबंदीच्या काळांत. १९२० ते १९३३ ह्या दारूबंदीच्या वर्षांत चोरट्या दारूच्या व्यापारावर गुंडांच्या टोळ्या गबर झाल्या, आणि थॉम्प्सन नांवाची हातांत धरून चालविण्याची मशीनगन त्यांच्या हातीं लागली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजीं शिकागो शहरांत एका गॅरेजच्या भिंतीशीं सात माणसांना उभें करून ह्याच बंदुकांनीं ठार मारण्यांत आलें, तेव्हां सारा देश हादरला. तत्पूर्वींच, १९२७ मध्यें, मिशिगन संस्थानानें पुन्हां न भरतां सोळांहून अधिक वेळां झाडतां येणाऱ्या हत्यारांवर बंदी घातली होती. ऱ्होड आयलंडनें त्याच वर्षीं बारांची मर्यादा घातली. आणि १९३२ मध्यें राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यासाठीं झालेल्या कायद्यांतहि बारांचाच आंकडा आला. ह्यांपैकीं मिशिगननें आपली मर्यादा १९५९ मध्यें व ऱ्होड आयलंडनें १९७५ मध्यें काढून टाकली. दोन्ही संस्थानांच्या कायदेमंडळांना अनुभवाअंतीं तो आंकडा राखण्यासारखा वाटला नाहीं.

ह्या वादांतील खरी बोधप्रद घटना मात्र १९३४ मधील आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनीं टोळीवाल्यांच्या बंदुकांवर राष्ट्रीय कायदा करण्याचें मनावर घेतलें. काँग्रेसपुढें आलेल्या पहिल्या मसुद्यांत मशीनगनची व्याख्या अशी होती कीं, स्वयंचलित वा अर्धस्वयंचलित रीतीनें पुन्हां न भरतां बारा किंवा अधिक गोळ्या झाडूं शकेल तें हत्यार म्हणजे मशीनगन. समितीसमोर साक्षीस आलेल्यांत नॅशनल रायफल असोसिएशनचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक हे होते. ते व्यवसायानें वकील, आणि पिस्तुलाच्या नेमबाजींत ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविलेले. त्यांनीं ह्या व्याख्येचें वैगुण्य नेमकें दाखवून दिलें. बारांपेक्षां कमी गोळ्या झाडणारी खरीखुरी मशीनगन ह्या व्याख्येंतून निसटून जाते, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि उलट बाजूनें पाहतां, एकेका गोळीसाठीं चाप ओढावा लागणारें साधें हत्यार केवळ त्यांत बारा गोळ्या मावतात म्हणून तिच्या कक्षेंत सांपडत होतें. त्यांनीं सुचविलेली व्याख्या निराळी होती. चापाच्या एकाच ओढीनें ज्यांतून आपोआप एकाहून अधिक गोळ्या सुटतात, तें मशीनगन. २६ जून १९३४ रोजीं जो कायदा मंजूर झाला त्यांत आंकडा गळला व चापाचें तत्त्व आलें. मशीनगनच्या निर्मितीवर व हस्तांतरणावर २०० डॉलरांचा कर बसला. त्या काळीं ही रक्कम जबर होती.

ही केवळ शब्दांची उलटापालट नव्हती. हत्यार काय करतें हें पाहून जो कायदा रेषा आखतो, त्याला वस्तुस्थितीचा आधार असतो. चापाच्या एका ओढीनें एक गोळी सुटते कीं अनेक, हें कोणत्याहि न्यायाधीशाला स्वतः पाहून ठरवितां येतें, आणि सर्व संस्थानांत तें सारखेंच असतें. हत्यारांत किती मावतें हें मोजून जो कायदा रेषा आखतो, त्याला मात्र बाराच कां आणि तेरा कां नाहींत, ह्याचें उत्तर द्यावें लागतें. मशीनगनची १९३४ मधील व्याख्या तत्त्वतः पुढेंहि तशीच राहिली आणि तिच्याबद्दल फारशी कुरकुर झाली नाहीं. आंकड्याचा कायदा मात्र जेथें जेथें झाला, तेथें तेथें तो आंकडा पुढें बदलावा लागला, सोडावा लागला किंवा न्यायालयांत लढवावा लागला.

एकोणीसशें ऐंशीच्या दशकांत पिस्तुलाचें रूपच पालटलें. १९८५ मध्यें अमेरिकन सैन्यानें १५ गोळ्यांचें बेरेटा पिस्तूल स्वीकारलें. ११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी शहरांत दोन सशस्त्र दरोडेखोर आणि एफ. बी. आय. चे अधिकारी यांची चकमक झाली. तींत दोन अधिकारी ठार व पांच जखमी झाले. हल्लेखोर केवळ दोघे, आणि समोर प्रशिक्षित अधिकारी आठ. तरीहि हा अनर्थ घडला. अधिकाऱ्यांपैकीं बहुतेकांजवळ रिव्हॉल्वरें होतीं, आणि जखमी हातानें तीं पुन्हां भरणें किती दुर्घट असतें, ह्याचा अनुभव त्या दिवशीं आला. ह्या व अशा प्रसंगांनंतर देशभरच्या पोलीस खात्यांनीं रिव्हॉल्वर सोडून अधिक गोळ्यांचीं पिस्तुलें घेतलीं, आणि नागरिकांनीं पोलिसांचें अनुकरण केलें. विरोधकांचा दुसरा मुद्दा येथूनच निघतो. शिकलेल्या, सराव असलेल्या, सोबतीला साथीदार असणाऱ्या अधिकाऱ्याला जर सहा गोळ्या अपुऱ्या वाटल्या, तर मध्यरात्रीं एकट्या असलेल्या गृहस्थाला त्या पुरेशा कशा, असें ते विचारतात. कारण पोलिसांना भेटणारा दरोडेखोर आणि गृहस्थाला भेटणारा दरोडेखोर हा एकच असतो.

परंतु त्याच दशकाच्या शेवटीं दुसऱ्या प्रकारच्या आपत्तींनीं लोकमत ढवळून काढलें. १७ जानेवारी १९८९ रोजीं कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें एका माथेफिरूनें प्राथमिक शाळेच्या पटांगणावर ७५ गोळ्यांच्या चक्राकार पेटीच्या रायफलीनें गोळीबार केला. पांच मुलें ठार झालीं. तीं कंबोडिया व व्हिएतनाम येथून आश्रयास आलेल्या कुटुंबांचीं होतीं. त्यानंतर दोन महिन्यांनीं विल्यम रूगर ह्या बंदुकांच्या प्रसिद्ध कारखानदारानेंच काँग्रेसच्या सभासदांना पत्र लिहून पंधरा गोळ्यांची मर्यादा सुचविली. बंदुकांच्या बंदीऐवजीं पेट्यांची मर्यादा पत्करावी, असा त्याचा हेतु होता. बंदूकधारी समाजानें त्याला ही सूचना पुढें कधीं क्षमा केली नाहीं. १९९० मध्यें न्यू जर्सीनें पंधरांचीच मर्यादा घातली. ७ डिसेंबर १९९३ रोजीं न्यू यॉर्कजवळील लाँग आयलंड रेल्वेच्या डब्यांत एकानें १५ गोळ्यांच्या दोन पेट्या प्रवाशांवर रिकाम्या केल्या. सहा जण मेले व एकोणीस जखमी झाले. तो तिसरी पेटी बसवूं लागला तेव्हां तिघां प्रवाशांनीं झडप घालून त्याला पकडलें. मर्यादेच्या पुरस्कर्त्यांचा सर्वांत बळकट पुरावा तो हाच.

१३ सप्टेंबर १९९४ रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनें राष्ट्रीय कायदा झाला. कांहीं विशिष्ट प्रकारच्या बंदुकांवर बंदी आणि नव्या पेट्यांना दहा गोळ्यांची मर्यादा, असे त्याचे दोन भाग होते. प्रतिनिधिगृहांत ह्या बंदीचें विधेयक मे महिन्यांत २१६ विरुद्ध २१४ अशा केवळ दोन मतांनीं पार पडलें होतें. रूगरचे पंधरा आतां दहा झाले. परंतु दहाच कां, ह्याचें समाधानकारक विवेचन त्या कायद्यांत नव्हतें. हाताच्या बोटांनीं मोजतां येणारी ती एक सोयीची संख्या होती. कायद्यापूर्वीं तयार झालेल्या पेट्या बाळगण्यास व विकण्यास मोकळीक होती. तशा पेट्या देशांत कोट्यवधि होत्या, शिवाय परदेशांतून जुन्या पेट्या येतच राहिल्या. म्हणजे ज्याला मोठी पेटी हवी होती त्याला ती अधिक पैसे मोजून मिळे. हा कायदा दहा वर्षांपुरता होता आणि १३ सप्टेंबर २००४ रोजीं तो संपुष्टांत आला.

त्या दहा वर्षांत काय साधलें? सरकारी न्यायखात्याच्या साहाय्यानें झालेल्या व २००४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता कीं, कायद्याचा गोळीबाराच्या गुन्ह्यांवर झालेला परिणाम झालाच असेल तर तो अल्प, कदाचित् मोजतां न येण्याइतका अल्प असावा. जुन्या पेट्यांना मोकळीक दिल्यामुळें परिणाम दिसण्यास अवधि मिळाला नाहीं, असेंहि त्याच अभ्यासकांनीं नमूद केलें, आणि पुरस्कर्ते त्यावर बोट ठेवतात. विरोधक दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधतात. २० एप्रिल १९९९ रोजीं, म्हणजे कायदा पूर्ण अंमलांत असतांना, कोलोरॅडोंतील कोलंबाइन शाळेंत हत्याकांड झालें. तेथील एका मारेकऱ्याच्या रायफलीला दहा गोळ्यांच्याच पेट्या होत्या. त्यानें त्या अनेक आणल्या होत्या, एवढेंच. १६ एप्रिल २००७ रोजीं व्हर्जिनिया टेक विद्यापीठांत ३२ जणांचे प्राण घेणाऱ्याजवळ दोन पिस्तुलें आणि दहा व पंधरा गोळ्यांच्या पेट्यांचा सांठा होता. त्या घटनेच्या चौकशीसाठीं संस्थानाच्या गव्हर्नरनें नेमलेल्या समितीनें, केवळ दहाच्याच पेट्या असत्या तरी फारसा फरक पडला नसता, असें आपलें मत नोंदविलें.

२००८ मध्यें वादाला घटनात्मक वळण लागलें. १७९१ मध्यें अमेरिकेच्या राज्यघटनेंत समाविष्ट झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्रें बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क व्यक्तीचा कीं संस्थानांच्या नागरी सैन्याचा, ह्यावर दीर्घ काळ मतभेद होता. २६ जून २००८ रोजीं हेलर खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो व्यक्तीचा हक्क ठरविला, आणि निरपराध नागरिकांच्या नित्य वापरांतील शस्त्रांना त्याचें संरक्षण आहे असें सांगितलें. मोठ्या पेट्या लोकांच्या घरांत कोट्यवधींनीं आहेत, तेव्हां त्या नित्य वापरांतील नव्हेत तर दुसरें काय, असा विरोधकांचा पुढचा प्रश्न ह्या निकालावर उभा राहिला.

१४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील न्यूटाउन येथील सँडी हूक शाळेंत वीस बालकें व सहा मोठीं माणसें मारलीं गेलीं. मारेकऱ्याजवळ ३० गोळ्यांच्या पेट्या होत्या. देशाचें हृदय विदीर्ण झालें, आणि त्या भरांत न्यू यॉर्कच्या कायदेमंडळानें १५ जानेवारी २०१३ रोजीं दहावरून सातांवर उडी घेतली. कायदा झाल्यावर ध्यानांत आलें कीं बहुतेक पिस्तुलांना सात गोळ्यांची पेटी मुळीं बनतच नाहीं. मग दुरुस्ती झाली: दहांची पेटी चालेल, पण तींत सातच गोळ्या भराव्यात. ज्याला खून करावयाचा आहे तो आठवी गोळी भरतांना कायद्याला भिऊन थांबेल, अशी ही कल्पना होती. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें ह्याहून निराळें नव्हे. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम स्क्रेट्नी यांनीं सातांची मर्यादा निराधार म्हणून रद्द केली, आणि २०१५ मध्यें अपील न्यायालयानें तेवढा भाग कायम केला. दहांची मर्यादा मात्र दोन्ही न्यायालयांनीं उचलून धरली. आंकड्यामागें कारण दाखवावें लागतें, हें विरोधकांचें तत्त्व येथें मान्य झालें, पण अर्धेच.

कोलोरॅडोंत हा लढा मतपेटीपर्यंत गेला. मार्च २०१३ मध्यें तेथें पंधरांची मर्यादा आली. ग्रामीण भागांतील शेरीफांपैकीं बहुतेकांनीं ह्या कायद्याविरुद्ध न्यायालयांत धाव घेतली, पेट्या बनविणारा एक मोठा कारखाना संस्थान सोडून गेला, आणि १० सप्टेंबर रोजीं मतदारांनीं सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स व दुसऱ्या सभासद अँजेला गिरोन यांना मुदतीपूर्वींच परत बोलाविलें. त्या संस्थानाच्या इतिहासांत कायदेमंडळाच्या सभासदांवर अशी पाळी पूर्वीं कधीं आली नव्हती. परंतु विजय टिकाऊ ठरला नाहीं. त्यांच्या जागीं निवडून आलेले दोघेहि पुढच्याच वर्षीं पराभूत झाले, आणि २०२० मध्यें संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें कायदा वैध ठरविला.

सर्वांत मोठा खटला कॅलिफोर्नियाचा. तेथें २००० पासून दहांहून मोठ्या पेट्यांची विक्री बंद होती. पूर्वींच्या पेट्या मात्र लोकांजवळ कायदेशीर रीत्या राहिल्या होत्या. नोव्हेंबर २०१६ मध्यें मतदारांनीं सुमारें ६३ टक्के मतांनीं असा कायदा केला कीं, त्या जुन्या पेट्याहि १ जुलै २०१७ पूर्वीं संस्थानाबाहेर न्याव्यात, विकाव्यात किंवा पोलिसांच्या स्वाधीन कराव्यात. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना त्यांतून सूट होती. हा भेद विरोधकांना विशेष झोंबला. कारण नोकरींतून निवृत्त झालेला अधिकारी व त्याचा शेजारी हे दोघेहि आतां सामान्य नागरिकच, आणि दोघांच्या दारावरची थाप सारखीच. सान डिएगोचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनीं प्रथम २०१७ मध्यें ह्या कायद्याला तात्पुरती मनाई केली आणि २९ मार्च २०१९ रोजीं तो घटनाबाह्य ठरविला. पुढें एक आठवडाभर, निकालाला स्थगिति मिळेपर्यंत, कॅलिफोर्नियांत मोठ्या पेट्यांची विक्री खुली झाली आणि लोक त्यांवर तुटून पडले.

त्या निकालाच्या आरंभींच न्यायाधीशांनीं एका स्त्रीची हकीकत दिली आहे. तिच्या घरांत दोन बुरखेधारी सशस्त्र इसम शिरले. गोळी लागलेल्या स्थितींत ती शयनगृहापर्यंत पोंचली व पतीचें लहान पिस्तूल तिनें हातीं घेतलें. पहिल्या कांहीं गोळ्या तिनें केवळ भीति दाखविण्यासाठीं झाडल्या, उरलेल्या एका हल्लेखोरावर. तेवढ्यांत पिस्तूल रिकामें झालें. भरण्यास अवसर नव्हता. दुसऱ्यानें तिच्यावर पुन्हां गोळी झाडली. संस्थानाच्या वतीनें ह्यावर आंकडेशास्त्राचें उत्तर होतें: स्वसंरक्षणाच्या प्रसंगीं नागरिक सरासरीनें २.२ गोळ्याच झाडतो, म्हणून दहा पुष्कळ झाल्या. पण सरासरीचा हिशेब हा नेहमींच फसवा. नदीचें पाणी सरासरीनें कमरेइतकें आहे असें कळल्यावर कोणीहि शहाणा माणूस मुलाबाळांना घेऊन तींत उतरत नाहीं. कारण मनुष्य बुडतो तो सरासरींत नव्हे, डोहांत.

ह्या हकीकतींतच विरोधकांच्या भूमिकेचा गाभा आहे. पेटी बदलण्याचे सेकंद मारेकऱ्याला व गृहस्थाला सारखेच मोजले जातात, पण सारखेच भोंवत नाहींत. मारेकरी वेळ, जागा व तयारी स्वतः निवडतो. तो दहा पेट्या कमरेला बांधून येतो. झोंपेतून दचकून उठलेल्या माणसाजवळ पिस्तुलांत असेल तीच पेटी असते. दुसरी हाताशीं नसते, असलीच तर अंधारांत सांपडत नाहीं. म्हणून मर्यादेचा भार तयारीच्या माणसावर हलका व बेसावध माणसावर जड पडतो. लाँग आयलंडच्या गाडींत, आणि ८ जानेवारी २०११ रोजीं टूसान येथें, मारेकरी पेटी बदलण्याच्या क्षणीं पकडला गेला, हें खरें आहे आणि तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल; त्या क्षणानें माणसें वाचविलीं. परंतु त्याच क्षणानें त्या स्त्रीला दुसरी गोळी लागली, हेंहि तितकेंच खरें आहे. कायदा करणारानें दोन्ही पारड्यांत काय पडतें तें पाहिलें पाहिजे. एकच पारडें डोळ्यांसमोर धरून तोल ठरत नाहीं.

न्यायालयांचा कौल मात्र आजवर बहुतांशीं मर्यादेच्याच बाजूनें गेला आहे. बेनिटेझ यांचा निकाल ऑगस्ट २०२० मध्यें तिघां न्यायाधीशांपुढें दोन विरुद्ध एक मतानें टिकला. पण ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं अकरा न्यायाधीशांच्या पीठानें सात विरुद्ध चार मतांनीं तो फिरविला. २३ जून २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ब्रुएन खटल्यांत, शस्त्रांवरील निर्बंध राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशीं जुळला पाहिजे, असा नवा निकष घालून दिला व कॅलिफोर्नियाचें प्रकरण परत पाठविलें. २२ सप्टेंबर २०२३ रोजीं बेनिटेझ यांनीं पुन्हां तोच निर्णय दिला, आणि २० मार्च २०२५ रोजीं अपील न्यायालयानें पुन्हां सात विरुद्ध चार मतांनीं तो उलटविला. मोठी पेटी हें शस्त्रच नव्हे, शस्त्राचें केवळ एक उपकरण आहे, असें बहुमताचें एक कारण होतें. पेटीवांचून पिस्तूल चालत नसतां पेटीला शस्त्रापासून निराळी काढण्याची ही मीमांसा विरोधकांना पटली नाहीं, ह्यांत नवल नाहीं. ऱ्होड आयलंडच्या दहा गोळ्यांच्या कायद्यावरील अपील ऐकण्यास २ जून २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नकार दिला. तीन न्यायाधीशांची तें ऐकण्याची तयारी होती.

शंभर वर्षांचा हा आढावा घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९२७ मध्यें सोळा व बारा, १९८९ मध्यें पंधरा, १९९४ मध्यें दहा, २०१३ मध्यें सात, २०२२ मध्यें डेलावेअरांत सतरा. इतक्या आंकड्यांपैकीं एकालाहि स्वतःचें असें मूळ नाहीं. प्रत्येकाच्या मागें एखादी दारुण घटना आणि तिनें उसळलेला लोकक्षोभ आहे. तो क्षोभ सर्वस्वी योग्य होता, पण क्षोभ म्हणजे मोजमाप नव्हे. राज्यसंस्थेला शस्त्रांवर निर्बंध घालण्याचा अधिकार आहे, हें १९३४ मध्यें विरोधकांच्या पुढाऱ्यानेंहि नाकारलें नव्हतें. उलट रेषा कोठें आखावी तें त्यानेंच समजावून दिलें होतें. ज्या नागरिकानें कोणताहि गुन्हा केलेला नाहीं, त्याच्या घरांतील वस्तु बेकायदेशीर ठरवितांना, अकरावी गोळीच कां, ह्या प्रश्नाचें उत्तर त्याला मिळालें पाहिजे. तें उत्तर जोंवर सरासरीच्या पलीकडे जात नाहीं, तोंवर मर्यादेला होणारा विरोध केवळ बंदुकीच्या हौसेतून निघतो असें म्हणतां येणार नाहीं. मध्यरात्रीं दार फुटल्यावर आपल्याला किती गोळ्या लागतील हें कोणालाहि आधीं सांगतां येत नाहीं, आणि अमेरिकेंतील ह्या विरोधकांचें सारें म्हणणें त्या एका अनिश्चिततेवर उभें आहे.